आठनंतरचं शहर

"जो माणूस रोज मध्यरात्री उठू शकतो, त्याला मध्यरात्रीपर्यंत जागणं म्हणजे किस झाड की पत्ती!"

बेकरीवाल्या अण्णांनी हे भर दुकानात, ऐन गर्दीच्या वेळी, पाव कापायचा सुरा हवेत फिरवत जाहीर केलं. गिऱ्हाइकं दोन पावलं मागे सरली. ती सुऱ्याला भिऊन सरली की विधानाला, हे सांगणं अवघड आहे.

समोरच्या दुकानातला शिंपी बिस्किटं घ्यायला आला होता. त्यानं विचारलं, "अण्णा, रात्री आठनंतर तुम्ही शेवटचे जागे कधी होता?"

"तशी वेळच आली नाही म्हणून! आली की बघा!"

"आली होती की," गल्ल्यावरून वहिनी म्हणाल्या. "मुलगी झाली त्या रात्री हे दवाखान्यातल्या बाकावर झोपले होते. नर्सनं मुलगी आणून मांडीवर ठेवली, तर डोळे न उघडता म्हणाले, 'ट्रे खाली ठेव, हात भाजतील!'"

दुकान हसलं. अण्णाही हसले, कारण गोष्ट खरी होती.

अण्णांची झोप हा गल्लीचा ठेवा होता. संध्याकाळी आठ वाजले की त्यांचं तोंड बोलत असलं तरी डोळे मिटायचे आणि मग वाक्यही अर्ध्यावर मिटायचं. त्यांना मध्यरात्र उलटल्यावर भट्टी पेटवावी लागे, त्यामुळे यात गैर काहीच नव्हतं. गैर एवढंच होतं की वहिनींची पाळी नेमकी उलटी होती. त्या रात्री दुकान बंद करून, हिशेब मिटवून वर येत, तेव्हा अण्णा घोरत असत. अण्णा उठून खाली जात, तेव्हा वहिनी गाढ झोपेत. पंचवीस वर्षांचा संसार दोघांनी रिले शर्यतीसारखा केला होता. एकानं दांडी द्यायची, दुसऱ्यानं पळायचं, आणि निवांत भेट व्हायची ती फक्त दुपारच्या जेवणाला!

तर त्या वर्षी लग्नाला पंचवीस वर्षं झाली. अण्णांनी मोठ्या मनानं विचारलं, "बोल, काय हवं तुला? बांगड्या? नवं कपाट? पीठ मळायचं मोठं यंत्र?"

"यंत्र मला कशाला?"

"बरं, ते राहू दे. दुसरं काय?"

वहिनींनी फळीवरचा केकचा डबा काढला. त्याच्या झाकणावर एका मोठ्या शहराचं रात्रीचं चित्र होतं. दिवेच दिवे, आणि एका उंच हॉटेलच्या माथ्यावर काचेचं नाचघर.

"हे बघायचंय," वहिनी म्हणाल्या. "इथं, या काचेच्या खोलीत एकदा नाचायचंय. तुमच्याबरोबर. आणि तुम्ही जागे असताना."

शेवटची अट ऐकून अण्णांच्या स्वाभिमानाला ठेच लागली. म्हणूनच तो सुरा हवेत फिरला. धाकट्या भावाच्या हाती भट्टी देऊन, चार रात्रींसाठी, दोघं शहराकडे निघाले. शिंपी निरोप द्यायला स्टेशनवर आला होता. "घोडामैदान जवळच आहे, अण्णा!" असं तो गाडी हलताना ओरडला. तोपर्यंत सूर्य मावळला होता आणि अण्णा खिडकीला डोकं टेकून झोपले होते.

शहरात त्यांची पहिली चूक झाली ती पहाटेच. किंवा पहाटेच्याही आधी. सवयीप्रमाणे अण्णांना जाग आली. अंधारात खाली भट्टी नाही, पीठ नाही, करायला काहीच नाही! हात शिवशिवायला लागले. त्यांनी आधी स्वतःची उशी मळली. मग वहिनींच्या डोक्याखालची अलगद काढून तीही मळली. वहिनी उठल्या तेव्हा दोन्ही उशांचे छान गोल गोळे होऊन खुर्चीवर टॉवेलखाली फुगायला ठेवलेले होते.

"चला, शहर बघू!" अण्णा बूट घालून तयारच होते.

"अहो, शहर उठलंय कुठं अजून?"

पण अण्णांच्या अंगात उत्साह मावत नव्हता. संग्रहालय उघडायच्या कितीतरी आधी दोघं त्याच्या पायरीवर जाऊन बसले. रखवालदाराला वाटलं, हे रात्रभर इथंच आहेत. मग संग्रहालय झालं, घड्याळाचा मनोरा झाला, राजवाडा झाला, नदीतली होडी झाली. राजवाड्यातल्या प्रत्येक दालनात अण्णांनी छताकडे बघून "वा!" म्हटलं आणि स्वयंपाकघराशी आल्यावर मात्र भट्टीत डोकं घालून ते पाऊण तास बाहेरच आले नाहीत. "धूर मागे मारत असणार," असा निर्णय देऊनच त्यांनी डोकं काढलं.

दिवेलागणीला वहिनींनी तिकिटं दाखवली. वरून उघडी असलेली दुमजली बस. तिचं नावच 'रात्रीचं शहर'. दिवे बघत गावभर फिरवणार, शेवटी मोठ्या चौकात सोडणार.

"उजवी कड तुम्ही घ्या," वहिनी म्हणाल्या. "वारा तोंडावर लागला की झोप येणार नाही."

"झोप? मला?" अण्णा म्हणाले. "अगं, आज मी एवढा ताजातवाना आहे की..."

वाक्य तिथंच राहिलं. बस अजून सुटलीही नव्हती. अण्णांचं डोकं वहिनींच्या उजव्या खांद्यावर येऊन पडलं, आणि ते डोकं काही हलकं नव्हतं.

वाटाड्या माइकवर बोलायला लागला. "आता उजवीकडे पाहा! रोषणाईचं कारंजं!" सगळ्या माना उजवीकडे वळल्या. वहिनींची वळेना. उजवीकडे अण्णांचं टक्कल होतं. "आता उजवीकडे, नाट्यगृहाची दिव्यांची कमान!" टक्कल. "आणि हे उजवीकडे, ज्याला तोड नाही असं..." तेही टक्कलच. डावीकडे सगळा वेळ एक लांबलचक भिंत होती. भिंतीवर लिहिलं होतं, इथे गाड्या लावू नयेत. फरक एवढाच की कारंज्याचे निळे-हिरवे रंग टकलावर पडत होते, तेवढे वहिनींनी पाहून घेतले.

बस चौकात थांबली. सगळे उतरायला लागले. वहिनींनी अण्णांना हलवलं, चिमटे काढले, नाक दाबलं. कंडक्टरनं घंटा वाजवली. वाटाड्यानं माइक अगदी कानाशी नेऊन "महोदय!" म्हटलं. पालथ्या घड्यावर पाणी! मागे खोळंबलेली माणसं कुरकुर करायला लागली तशी वहिनींचा नाइलाज झाला. पंचवीस वर्षांत त्यांनी जे हत्यार फक्त दोनदा वापरलं होतं, ते त्यांनी काढलं. त्या ओरडल्या,

"अहो, पाव जळतोय!"

अण्णा उभेच राहिले! डोळे मिटलेले, पण पाय जागे. जिन्यावरून चार माणसांना बाजूला सारत ते खाली झेपावले, दाराजवळचं आग विझवायचं लाल नळकांडं भिंतीवरून उपटलं आणि "पोरांनो, बाजूला व्हा!" म्हणत त्याचा खटका ओढला. भस्सकन पांढरी पूड उडाली. बसचा खालचा मजला, कंडक्टर, त्याची घंटा, मागून धावत आलेला वाटाड्या आणि उतरायच्या रांगेतली माणसं, सगळ्यांवर एकसारखा थर बसला.

तेव्हा कुठं अण्णांनी डोळे उघडले. समोर नखशिखान्त पांढरी झालेली माणसं बघून त्यांना आपण बेकरीतच आहोत असं वाटलं. ते खेकसले, "मैदा कुणी सांडला?"

पुढचा तासभर अण्णा आणि वहिनी बसच्या कचेरीत होते. झाडू मारून, माणसं झटकून, प्रत्येकाची हात जोडून माफी मागून झाल्यावर वाटाड्या दोघांना दारापर्यंत सोडायला आला. शिंकत शिंकत तो म्हणाला, "काका, शहरात बघण्यासारखं अजून पुष्कळ आहे. फक्त आमच्या बसमधून बघू नका."

दुसऱ्या दिवशी अण्णा चांगलेच वरमले होते. संध्याकाळसाठी त्यांनी स्वतः योजना आखली. "बसमध्ये हालचाल असते, वारा असतो. पाळण्यात बसल्यासारखं होतं. बिचारा माणूस झोपणारच! आज आपण नाटकाला जाऊ. दिवे, गाणी, आरडाओरडा! आणि जागाही पहिल्या रांगेत घेऊ. नटांच्या देखत कोण झोपेल?"

"तुम्ही," वहिनी म्हणाल्या.

अण्णांनी ते ऐकलं नाही. नाटकाआधी त्यांनी कडक कॉफीचे पेले एकामागून एक रिचवले. हॉटेलच्या वेटरनं शेवटी विचारलं, "काका, कुणी आजारी आहे का घरी?"

पण नाटक निघालं शोकांतिका. राजा म्हातारा, राजकन्या मुकी, आणि सगळा रंगमंच काळोखात! पहिल्या अंकात अण्णा टक्क जागे होते, हे वहिनींनीही कबूल केलं आहे. शेजाऱ्याला कोपर मारून "हा प्रधान बदमाश आहे" असं त्यांनी दोनदा सांगितलंही. दुसऱ्या अंकात कॉफी थकली. तिसऱ्या अंकात, युद्धात पडलेला राजपुत्र मंचाच्या अगदी कडेला, पहिल्या रांगेपासून हातभर अंतरावर, मरून पडला. राजकन्या त्याच्या छातीवर डोकं ठेवून निःशब्द रडायला लागली. नाट्यगृहात टाचणी पडली असती तरी ऐकू आलं असतं.

टाचणी पडली नाही. राजपुत्र घोरायला लागला!

म्हणजे प्रेक्षकांना तसंच वाटलं. आवाज त्याच दिशेनं येत होता. आधी बारीक शिट्टी, मग खर्जातला घरघराट, शेवटी "फुस्स". राजकन्येनं दचकून डोकं वर काढलं. मेलेल्या राजपुत्रानं एक डोळा उघडून पहिल्या रांगेकडे रागानं पाहिलं. ते बाल्कनीतून दिसलं आणि बाल्कनी हसून कोलमडली.

वहिनींच्या ओठांवर कालचे तीन शब्द आले होते. पण खच्चून भरलेल्या नाट्यगृहात 'जळतोय' म्हणून ओरडलं तर काय होईल, हे त्यांना कळत होतं. त्यांनी चिमटा काढला. अण्णांनी झोपेत उत्तर दिलं, "अजून कच्चा आहे." नेमका तेव्हाच राजवैद्य राजपुत्राची नाडी बघत होता! पडदा पडेपर्यंत लोक हसत होते. म्हातारा राजा शोकानं वेडा झाला तेव्हा तर काही जणांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या.

नाटक संपल्यावर व्यवस्थापक दोघांना शोधत आला. वहिनींनी पदरचे माफीचे शब्द जुळवायला घेतले. पण व्यवस्थापकाचा चेहरा उजळलेला होता.

"गेले तीन महिने नाटक रडतरखडत चाललंय," तो हळू आवाजात म्हणाला. "आज पहिल्यांदा लोक शेवटपर्यंत बसले. काका उद्या येतील का? त्याच जागी?"

अण्णांना हे दुसऱ्या दिवशी सकाळी कळलं. ते खूश झाले. "बघ! झोपेतसुद्धा माणसाची कदर होते!" असं म्हणत त्यांनी मिशांवर ताव दिला. वहिनी मात्र हसल्या नाहीत. त्या खिडकीशी बसून खालचा रस्ता बघत होत्या. हॉटेलातल्या न्याहारीचा पाव तसाच पडला होता. वहिनींनी पाव टाकला म्हणजे प्रकरण गंभीर आहे, हे अण्णांना उमगलं.

"रागावलीस?"

"नाही."

"मग?"

"मला दिव्यांचं काय एवढं," वहिनी म्हणाल्या. "दिवे आपल्या गल्लीतही आहेत. मला तुम्हाला बघायचंय. रात्रीचे. रोज वर येते, तेव्हा अंथरुणात एक गाठोडं असतं. दिवसभर साठलेलं किती काय काय सांगायचं असतं, ते मी त्या गाठोड्याला सांगते आणि झोपते. पंचवीस वर्षं गाठोड्याशी बोलतेय मी. म्हटलं, एक रात्र तरी समोरून हूं यावं."

आजवर अण्णांना वाटत होतं की झोप ही आपली गंमत आहे, गल्लीला सांगायची. ती कुणाला तरी रोज रात्री एकटं पाडते, हे त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं. ते वहिनींशेजारी जाऊन बसले आणि म्हणाले, "आज नाचघर. आज झोपलो तर भट्टीत घाल मला."

त्या दिवशी अण्णांनी शहराकडे ढुंकूनही पाहिलं नाही. रात्री जागायचं तर दिवसा झोपायला हवं, असा साधा हिशेब त्यांनी केला. पडदे ओढले, कानात कापूस घातला, पांघरूण डोक्यावर घेतलं. पण दिवसा झोपायची सवय कुणाला होती! आठला हमखास येणारी झोप दुपारी फिरकलीच नाही. तिची वाट बघून बघून अण्णा दमले, इतके दमले की संध्याकाळी उठले तेव्हा सकाळपेक्षा जास्त थकलेले होते. ही गोष्ट त्यांनी वहिनींपासून लपवली. बुटात बर्फाचे दोन खडे टाकले, खिशात आल्याचा तुकडा ठेवला आणि शीळ घालत बाहेर पडले.

हवेत चांगलाच गारठा होता. दोघांनी जाड कोट घातले होते, आणि वहिनींनी कोटाखाली निळा, नवाकोरा पोशाख. उंच टाचांच्या सँडल पायाला लागत होत्या, तरी त्या चेहऱ्यावर काही दिसू देत नव्हत्या. हॉटेलच्या दारात पोचल्या पोचल्या दरवानानं हात आडवा केला.

"नाचघर अजून उघडलं नाही, साहेब."

"उघडलं नाही? अहो, सात वाजून गेले!"

"नाच दहाला सुरू होतो. रंगतो बारानंतर."

अण्णांचा चेहरा असा झाला की दरवानानं आधारासाठी हात पुढे केला. दहा! अण्णांच्या हिशेबात दहा ही वेळ नव्हतीच. आठनंतर एकदम दोन वाजत, मधले आकडे घड्याळात शोभेसाठी होते.

"बसू आपण," वहिनी म्हणाल्या. "गप्पा मारू."

मारल्या. खालच्या दिवाणखान्यात बसून दोघांनी खरोखरच गप्पा मारल्या. अण्णा आलं चघळत होते, बूट आपटत होते, दर थोड्या वेळानं उठून खुर्चीभोवती फेरी मारत होते. आठ वाजले, अण्णा जागे! नऊ वाजले, जागे! वहिनींनी कौतुकानं त्यांच्याकडे पाहिलं. दहाला वरून ढोलाचा ठेका ऐकू आला तेव्हा त्यांचे डोळे भरून आले.

"तू लिफ्टनं वर हो, खिडकीजवळची जागा धर," अण्णा विजयी स्वरात म्हणाले. "मी दोघांचे कोट ठेवून आलोच."

जिन्याखाली कोट सांभाळायची खोली होती. तिथल्या बाई बिल्ले आणायला पलीकडे गेल्या होत्या. खोलीत अंधार होता, ऊब होती आणि कोपऱ्यात एक रुंद बाक होता. अण्णांनी वहिनींचा कोट बाकावर ठेवला. आपला ठेवण्यासाठी वाकले. बुटातला बर्फ कधीच वितळला होता, मोजे ओले झाले होते. मोजे पिळावेत म्हणून बूट काढून ते क्षणभर बसले.

बस्स. एवढंच त्यांना आठवतं.

पुढचं वहिनींच्या आणि इतरांच्या तोंडून त्यांना कळलं. बाई परत आल्या तेव्हा दोन्ही कोट डोक्यावरून ओढून झोपलेले अण्णा त्यांना अंधारात कोटांचा ढीगच वाटले. गर्दी लोटलेली, खुंट्या भरलेल्या, म्हणून त्यांनी पुढचे कोटही त्याच ढिगावर टाकले. लोकरीचे टाकले, चामड्याचे टाकले, आणि एका धिप्पाड बाईंचा केसाळ कोट सगळ्यांच्या वर.

वर वहिनी वाट बघत होत्या. बऱ्याच वेळानं त्या खाली येऊन शोधून गेल्या. दरवानाला विचारलं, रस्त्यावर पाहिलं, कोटांच्या खोलीतही डोकावल्या. तिथं ढीग होता, माणूस नव्हता, आणि वरच्या ढोलापुढे घोरणं ऐकू येणार कसं! आता मात्र त्यांना काळजी वाटायला लागली. शेवटी गाणी लावणाऱ्या पोरानं संगीत थांबवून माइकवर सांगितलं, "एक गृहस्थ हरवले आहेत. टक्कल, जाड मिशा, अंगाला व्हॅनिलाचा वास. बहुधा झोपलेले असतील. सापडल्यास खिडकीजवळच्या निळ्या पोशाखातल्या ताईंना कळवावं."

नाचणारी मंडळी हौशी होती. त्यांनी शोधाचाच खेळ केला! टेबलांखाली पाहिलं, पडद्यांमागे पाहिलं, स्वयंपाकघर पालथं घातलं. एकंदर तीन झोपलेले नवरे सापडले. तिघांनाही उचलून वहिनींसमोर आणण्यात आलं आणि "हा नव्हे, हाही नव्हे" असं सांगून वहिनींनी ते परत केले. पाळी संपवून आलेल्या काही नर्स शेजारच्या टेबलावर होत्या. त्यांनी वहिनींचा हात धरून म्हटलं, "काकू, चला, तुम्ही तरी नाचा आमच्याबरोबर!"

"नको गं," वहिनी म्हणाल्या. "माझी जोडी येतेय."

जोडी कोटांखाली होती. आणि मग, रोजची वेळ झाली. गजर नको, हाक नको, अण्णांचे डोळे टक्क उघडले. अंधार, ऊब, अंगावर वजन. त्यांना वाटलं, गोणी कोसळल्या अंगावर. त्यांनी चाचपून पाहिलं. मैद्याच्या गोणीला केस? त्याच वेळी घरी निघालेल्या त्या धिप्पाड बाईंनी आपला कोट ओढला. कोट येईना. त्यांनी हिसका दिला. कोटाबरोबर अण्णा आले!

"कोटात माणूस आहे!" बाई किंचाळल्या.

"माफ करा, पाव जळतोय," अण्णा म्हणाले आणि खोलीबाहेर धावले. जिन्यापाशी पोचल्यावर त्यांना सगळं आठवलं.

लिफ्टनं ते वर गेले तेव्हा नाचघर रिकामं झालं होतं. गाणी लावणारा पोरगा वायरी गुंडाळत होता. एक सफाईवाल्या मावशी जमीन पुसायचं घरघरतं यंत्र घेऊन फिरत होत्या. खिडकीजवळच्या टेबलाशी वहिनी बसल्या होत्या, ताठ, जाग्या. सँडल काढून शेजारच्या खुर्चीवर ठेवलेल्या. पोलिसांकडे जायचं की नाही, या विचारात असाव्यात.

अण्णांना पाहून त्यांनी आधी मोठा श्वास सोडला. मग म्हणाल्या, "कुठं झोपला होता?"

"कोटांत."

"मी बघितलं होतं तिथं. ढीग होता."

"ढिगाखाली मी." अण्णांनी मान खाली घातली. "आज तरी मला... काय सांगू? भट्टीत घाल मला."

अण्णा त्यांच्यासमोर उभे राहिले. डोकं साफ, अंगात घोड्याचं बळ, उठल्यानंतरची त्यांची सगळ्यात ताजी वेळ! "आत्ता मी जागा आहे," ते म्हणाले.

"आत्ता सगळं जग झोपलंय."

"तू नाहीस ना झोपलेली."

वहिनींनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. कोटाच्या केसांचे पुंजके मिशांना चिकटलेले, मोजे ओले, पण डोळे लख्ख उघडे. एवढ्या अपरात्री उघडे असलेले ते डोळे त्या पहिल्यांदाच बघत होत्या.

"गाणी तर बंद झाली," त्या म्हणाल्या.

"यंत्र आहे की," अण्णा म्हणाले आणि हात पुढे केला.

खरंच, त्या यंत्राला एक ठेका होता. घर्र-घर्र-टक. घर्र-घर्र-टक. वहिनी अनवाणी उठल्या. अण्णांनी ओले मोजे काढून फेकले. नाचता कुणालाच येत नव्हतं. अण्णांनी वहिनींना पिठासारखं धरलं, वहिनींनी सांगितलं, "मळू नका," आणि दोघं फिरायला लागले.

"तिकडे सरका!" मावशी ओरडल्या. "मला तो कोपरा पुसायचाय!"

दोघं सरकत सरकत नाचले. यंत्र मागे, हे पुढे. पुसलेल्या जमिनीवर अण्णा दोनदा घसरले आणि दोन्ही वेळा वहिनींनी सावरलं. या सगळ्यात वहिनींनी साठलेलं सांगायला सुरुवात केली. अण्णा "हूं" म्हणत होते. दर वाक्याला. कधी कधी वाक्य सुरू व्हायच्या आधीच.

काम संपवून मावशींनी दारापाशी जाऊन सगळे दिवे मालवले. आणि दोघं जागच्या जागी थबकले. रात्रभर आतल्या झगमगाटात त्या काचांमध्ये फक्त नाचणारी माणसं दिसत होती. आत्ता काच नाहीशी झाली आणि बाहेर शहर उभं राहिलं. नदीवरचे पूल, चढावरच्या वस्त्या, दूरवर गेलेले रस्ते, सगळीकडे दिवे. रात्रभर नाचून गेलेल्या त्या एवढ्या गर्दीपैकी कुणालाच हे दिसलं नव्हतं.

वहिनींनी अण्णांचा हात धरला. दोघं काचेला नाक लावून उभे राहिले. अण्णांनी त्यांचा हात घट्ट दाबला. ते काहीतरी बोलणार होते. पंचवीस वर्षांत जे कधी बोलले नाहीत, ते. वहिनींनी श्वास रोखून धरला.

"अगं..." अण्णा हळूच म्हणाले.

"बोला ना."

"ती खाली, पुलाजवळ, पांढरी गाडी बघ. पाववाल्याची आहे. एवढ्यातच निघालाय लेकाचा! कालचाच शिळा माल असणार यात!"

वहिनींनी हात सोडवून घेतला. त्या वळल्या, कंबरेवर हात ठेवले, आणि चांगलं खरमरीत सुनावण्यासाठी तोंड उघडलं. पण तोंडातून निघालं ते भलतंच.

"मी मघापासून त्यालाच बघतेय," वहिनी म्हणाल्या. "आणि मागचं दारसुद्धा नीट लावलेलं नाही मेल्यानं!"